डबा आदळू नये म्हणून: रेल्वेच्या प्रवासी डब्याच्या स्प्रिंगांचा हिशेब, पायरीपायरीने

सांध्यांच्या जुन्या रुळांवरून जाणाऱ्या गाडीत चाकांच्या बरोबर वरची जागा पकडून बसा. ताशी चाळीसला डबा बऱ्यापैकी शांत असतो. पंचावन्न-साठच्या आसपास तो एका संथ लयीत खालीवर व्हायला लागतो आणि हातातला चहा सांभाळावा लागतो. गाडीने ऐंशी गाठली की डोलणं ओसरतं, उरते फक्त खडखड. तीच गाडी, तेच रूळ, आणि वेग वाढल्यावर प्रवास सुधारला! डब्याच्या स्प्रिंगा ठरवायच्या म्हणजे काय करायचं, याचं बरंचसं उत्तर या एका अनुभवात आहे.

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना आणि रेल्वेवर जीव असलेल्या कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन करता येईल असा हा हिशेब आहे. गणित बारावीपलीकडचं नाही. उदाहरणासाठी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, ७२ बर्थांचा विनावातानुकूलित स्लीपर डबा घेऊ. चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, म्हणजे आयसीएफमध्ये, १९५५ पासून श्लीरेन या स्विस कंपनीच्या सहकार्याने जे डबे बनू लागले, त्यांच्याच घराण्यातला. वजनाचे आकडे मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण ते वास्तवापासून फार लांब नाहीत.

एक शब्द आधीच स्पष्ट करतो. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. एका डब्याखाली अशा दोन असतात. आयसीएफच्या बोगीत दोन धुऱ्यांमधलं अंतर २८९६ मिमी आणि नव्या चाकाचा व्यास ९१५ मिमी. स्प्रिंगांचे मजले दोन. चाकांच्या धुऱ्यावरच्या ॲक्सल बॉक्सवर बोगीची चौकट पेलणारा पहिला मजला, म्हणजे प्राथमिक स्प्रिंगा. चौकटीवर डबा पेलणारा दुसरा मजला, म्हणजे दुय्यम स्प्रिंगा.

पहिली पायरी: वजन तीनदा मांडा

नवशिके बहुतेक इथेच चुकतात. ते एकच वजन धरतात, तेही भरलेल्या डब्याचं. स्प्रिंगला मात्र तिन्ही अवस्थांत काम करायचं असतं: रिकामा डबा, नेहमीचा भरलेला डबा आणि सणासुदीचा, दारापर्यंत माणसं असलेला डबा.

आपला रिकामा डबा ३९ टनांचा धरू. त्यात दोन बोग्या प्रत्येकी ६ टन, म्हणजे वरचा सांगाडा २७ टन. बोगीच्या ६ टनांपैकी जवळजवळ निम्मं वजन चाकजोड्या आणि ॲक्सल बॉक्स यांचं असतं. ते कुठल्याच स्प्रिंगवर नसतं, रुळाचा प्रत्येक दणका थेट खातं. उरलेले ३ टन चौकटीचे, तेवढे प्राथमिक स्प्रिंगांवर. ७२ प्रवासी सामानासकट साधारण ६ टन. गर्दीत १० टन धरू.

दुय्यम स्प्रिंगांवर एका बोगीमागे वजन येतं: रिकामं १३.५ टन, नेहमीचं १६.५ टन, गर्दीत १८.५ टन. प्राथमिक स्प्रिंगांवर त्यात चौकटीचे ३ टन मिळवा: १६.५, १९.५ आणि २१.५ टन. हे सहा आकडे कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा, शेवटपर्यंत लागतील.

दुसरी पायरी: दब ठरवा, म्हणजे लय ठरते

स्प्रिंगवर वजन ठेवल्यावर ती जितके मिलिमीटर खाली जाते त्याला आपण दब म्हणू. डब्याची स्वतःची डोलण्याची लय फक्त या दबावर ठरते. सूत्र असं: सेकंदाला होणारी आंदोलनं = १५.७६ ÷ दबाचं वर्गमूळ, दब मिलिमीटरमध्ये. १०० मिमी दबाला सेकंदाला १.५८ आंदोलनं, २५० मिमीला जेमतेम १. दब चौपट केला तरी लय निम्मीच होते. मऊपणा महाग का पडतो, हे या वर्गमुळात दडलेलं आहे.

लय हवी किती? माणसाचं शरीर उभ्या दिशेत सेकंदाला ४ ते ८ आंदोलनांना सर्वांत हळवं असतं, आडव्या दिशेत १ ते २ ला. सेकंदाला १ ते १.३ ही उभी लय चालण्याच्या लयीपेक्षाही संथ; ती अंगाला त्रास देत नाही. आपण १.२ चं लक्ष्य ठेवू. त्यासाठी दब लागतो साधारण १७२ मिमी.

आता सुरुवातीचा अनुभव पडताळा. आपल्याकडे रुळाची ठरावीक लांबी १३ मीटर. ताशी ५६ किमी म्हणजे सेकंदाला साडेपंधरा मीटर. १३ ने भागलं की सेकंदाला १.२ सांधे. सांध्यांची लय आणि डब्याची लय जुळली, झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का मिळावा तसं झालं. ऐंशीला सेकंदाला १.७ सांधे येतात, डब्याला त्यांच्यामागे धावता येत नाही, म्हणून तो शांत राहतो. आयसीएफ डब्याच्या दोन बोग्यांमधलं अंतर १४.७८३ मीटर, म्हणजे १३ च्या जवळपासच. त्यामुळे दोन्ही बोग्या जवळजवळ एकाच वेळी सांध्यावर येतात, आणि डबा पुढेमागे झुलण्याऐवजी सगळाच्या सगळा उचलला जातो.

लांब वेल्डिंगच्या रुळांनी हा त्रास बराच मिटवला. पण खडी खचलेली असते, पूल येतात, यार्डाचे सांधे येतात. सांधे गेले म्हणून लयीचा हिशेब सोडता येत नाही.

तिसरी पायरी: बफरची उंची, आणि इथेच खरी ओढाताण

मग २५० मिमी दब देऊन लय सरळ १ वर का आणू नये? प्रत्येक विद्यार्थी हे विचारतो, आणि विचारायलाच हवं.

उत्तर डब्याच्या टोकाला आहे. ब्रॉडगेजवर बफरची उंची रुळापासून रिकाम्या अवस्थेत जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि भरल्यावर कमीत कमी १०३० मिमी असावी लागते, नाहीतर शेजारच्या डब्याशी बफर नीट भिडत नाहीत. हातात आहेत फक्त ७५ मिमी.

१६.५ टनांखाली २४८ मिमी दब हवा तर एका बोगीवरच्या सगळ्या स्प्रिंगांचा मिळून कडकपणा मिलिमीटरला ६६.५ किलो ठेवावा लागेल. रिकाम्यापासून गर्दीपर्यंत वजन वाढतं ५ टन. ५००० भागिले ६६.५, म्हणजे ७५ मिमी. सगळीच्या सगळी जागा संपली! चाकांच्या झिजेला काहीच उरलं नाही, आणि चाक तर नव्याच्या ९१५ मिमीवरून काढून टाकेपर्यंत सुमारे ९० मिमी व्यास गमावतं, म्हणजे डबा ४५ मिमी खाली बसतो.

आपल्या १.२ च्या लक्ष्यासाठी कडकपणा लागतो मिलिमीटरला साधारण ९५ किलो. त्यात ५ टनांना ५३ मिमी जातात, २२ मिमी हाताशी राहतात. चाकांची झीज पॅकिंगने भरून काढायची: व्यास जितका कमी झाला त्याच्या निम्म्या जाडीचं पॅकिंग प्राथमिक स्प्रिंगेखाली. साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगेला आपल्या डब्यात इतपतच जाता येतं, आणि माझ्या मते १.२ हा प्रामाणिक सौदा आहे.

मुंबईच्या लोकलला हा सौदाही परवडत नाही. तिथे गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. भरलेल्या आणि रिकाम्या डब्यातला फरक इतका मोठा की पोलादी स्प्रिंग एकतर रिकाम्या डब्याला दगडासारखी लागेल, नाहीतर भरलेला डबा फलाटाच्या पार खाली बसेल. म्हणून २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांना दुय्यम मजल्यावर हवेच्या स्प्रिंगा आहेत. वजन वाढलं की लेव्हलिंग व्हॉल्व्ह आत हवा सोडतो, उंची तीच राहते. दाब वजनाबरोबर वाढतो, म्हणून कडकपणाही वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि लय जवळजवळ जागची हलत नाही. दादरला डबा भरला काय किंवा विरारला रिकामा झाला काय.

चौथी पायरी: दब दोन मजल्यांत वाटा

एका बोगीत ८ प्राथमिक स्प्रिंगा (प्रत्येक ॲक्सल बॉक्सला दोन) आणि ४ दुय्यम. प्राथमिक प्रत्येकी मिलिमीटरला २७ किलो घेतली तर आठ मिळून २१६. दुय्यम प्रत्येकी ४२, तर चार मिळून १६८. दोन मजले एकावर एक आहेत, म्हणून एकत्रित कडकपणा = गुणाकार ÷ बेरीज = २१६ × १६८ ÷ ३८४ = ९४.५. जमलं. नेहमीच्या वजनाला दब १७५ मिमी, लय १.१९. रिकाम्या डब्याला १.३२, गर्दीत १.१३. रिकामा डबा जास्त उडतो ही तक्रार खरीच आहे, ती याच आकड्यांत दिसते.

सगळा मऊपणा दुय्यम मजल्यालाच का देऊ नये? दोन कारणं. वाकड्यातिकड्या रुळावर, जिथे चार चाकं एका पातळीत नसतात, तिथे कडक प्राथमिक स्प्रिंग एखाद्या चाकावरचा भार काढून घेते. भार गेलेलं चाक रुळावर चढू शकतं. हा आरामाचा प्रश्न नाही, सुरक्षेचा आहे. दुसरं, दोन मजल्यांच्या मधली चौकट स्वतःही थरथरते: ३ टन वस्तुमान, वर-खाली मिळून ३८४ चा कडकपणा, लय सेकंदाला ५.६. ही बरोबर शरीराला नकोशा पट्ट्यात पडते. प्राथमिक मजला आणखी कडक केला तर ती लय वर सरकते, पण डब्याच्या सांगाड्याच्या वाकण्याच्या लयीला जाऊन भिडते, आणि मग खिडक्यांच्या काचा बोलायला लागतात.

पाचवी पायरी: तार, गुंडाळी, वेटोळी

प्राथमिक स्प्रिंग प्रत्यक्ष आखू. २७ किलो म्हणजे २६५ न्यूटन प्रति मिमी. सूत्र शब्दांत: कडकपणा = पोलादाचा कातर-गुणांक × तारेच्या व्यासाचा चौथा घात ÷ (८ × गुंडाळीच्या सरासरी व्यासाचा घन × चालू वेटोळी). कातर-गुणांक ७८,५०० न्यूटन प्रति चौरस मिमी.

तार ३३ मिमी, गुंडाळीचा सरासरी व्यास २०० मिमी, चालू वेटोळी साडेपाच. उत्तर येतं २६४.५. टोकांची दीड वेटोळी बैठकीसाठी घासून सपाट केलेली, म्हणजे एकूण सात. पूर्ण मिटल्यावर उंची ७ × ३३ = २३१ मिमी. गर्दीत एका स्प्रिंगेवर २६८७ किलो, दब साडेनव्व्याण्णव मिमी. धक्क्यांसाठी ३० टक्के जास्त, म्हणजे १२९. बेरीज ३६०, आणि वेटोळी एकमेकांना शिवू नयेत म्हणून थोडी सवलत. मोकळी उंची ३७५ ठेवा.

ताण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. गुंडाळी आणि तार यांचं गुणोत्तर ६.०६, आतल्या कडेला ताण एकवटतो म्हणून वाल यांचा गुणक १.२५. नेहमीच्या वजनाला कातर-ताण ४२४ न्यूटन प्रति चौरस मिमी, गर्दी आणि धक्का मिळून ६०७. क्रोम-व्हॅनेडियमच्या चांगल्या पोलादाला, शॉट पीनिंग, म्हणजे पृष्ठभागावर बारीक छर्ऱ्यांचा मारा, नीट केलं असेल तर, हा पेलवतो. स्प्रिंग एका मोठ्या वजनाने क्वचित तुटते. ती लाखो छोट्या हेलकाव्यांनी, पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापासून किंवा गंजाच्या खड्ड्यापासून तुटते.

चौथ्या घाताकडे पुन्हा पाहा. तार ३३ ऐवजी ३४ मिमी झाली तर स्प्रिंग जवळजवळ १३ टक्के कडक होते. गंजून अर्धा मिलिमीटर गेला तर ६ टक्के मऊ. म्हणूनच कारखान्यात सुट्या स्प्रिंगा नुसत्या नजरेने जोडत नाहीत. आयसीएफच्या ३३.५ मिमी तारेच्या, ३६० मिमी मोकळ्या उंचीच्या प्राथमिक स्प्रिंगेवर २००० किलो ठेवतात आणि उंची मोजतात. ती २७९ ते २९५ मिमी असेल तरच स्प्रिंग पास, आणि त्यातही तीन गट पाडून पिवळा, निळा, हिरवा रंग लावतात. एका बोगीत एकाच रंगाच्या स्प्रिंगा. रंग मिसळले की वजन वाकडं वाटलं जातं.

सहावी पायरी: डोलणं थांबवणारा कोण?

गुंडाळीची स्प्रिंग ऊर्जा घेते आणि परत देते, खात काहीच नाही. जुन्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांत पट्ट्यांमधलं घर्षण हे काम करायचं. पण छोट्या धक्क्याला तेच घर्षण स्प्रिंग अडवून धरायचं, आणि डबा लाकडी ठोकळ्यासारखा चालायचा. म्हणून तेल हवं. आयसीएफच्या बोगीत प्राथमिक स्प्रिंगेच्या आतच तेलाचा डॅशपॉट, म्हणजे तेलात चालणारा दट्ट्या असतो, आणि दुय्यम मजल्यावर डोलणं शमवणारे वेगळे हायड्रॉलिक डँपर.

किती लागेल? डोलणं जेमतेम होणार नाही इतक्या, म्हणजे क्रांतिक अवमंदनाचा आकडा आपल्या डब्याला एका बोगीमागे २४७ किलोन्यूटन-सेकंद प्रति मीटर येतो. त्याचे १५ ते २० टक्के पुरतात. १५ टक्क्यांना, लय जुळली तरी सांध्याचा धक्का साडेतीन पटच वाढतो. ५ टक्क्यांना दहा पट वाढला असता. डॅशपॉटमधलं तेल गळलेल्या बोगीवर बसलेल्याला हा फरक वाचून कळायची गरज नाही.

१५ टक्के म्हणजे ३७. इथे एक खाच आहे, तिच्यावर बरेच जण अडखळतात. दुय्यम डँपरला डब्याची सगळी हालचाल मिळत नाही, आपल्या वाटणीत ५६ टक्केच मिळते, आणि काम हालचालीच्या वर्गाने होतं, म्हणजे परिणाम तिसऱ्या हिश्शाइतकाच. प्राथमिकला ४४ टक्के हालचाल, परिणाम पाचव्या हिश्शाइतका. म्हणून दुय्यम मजल्यावर ७५ आणि प्राथमिकवर ७० ठेवले तेव्हा कुठे ३७ भरतात. याहून जास्त तेल-ताकद देऊ नका. फार कडक डँपर बारीक थरथर थेट वर पोहोचवतो. डोलणं थांबतं, पण पायाला मुंग्या येतात.

सातवी पायरी: आडवी हालचाल

आयसीएफच्या बोगीत दुय्यम स्प्रिंगांची खालची फळी हँगरना टांगलेली असते, म्हणजे डबा अक्षरशः पाळण्यासारखा लटकतो. लोलकाचं तेच सूत्र इथेही चालतं: ४०० मिमीचा हँगर धरला तर सेकंदाला ०.७९. डब्याचं वजन मधल्या पिव्हटवर नसतंच, ते १६०० मिमी अंतरावरच्या, तेलात बुडालेल्या दोन साइड बेअररवर असतं; पिव्हट फक्त ओढतो आणि थांबवतो. पण पाळण्याच्या पिना झिजतात, आणि झिजल्या की डबा आडवा ठेचकाळतो.

मूळ जर्मन आराखड्याच्या एलएचबी डब्यांखालच्या फिएट बोगीने पाळणा काढूनच टाकला. तिथे दुय्यम गुंडाळी स्वतःच आडवी वाकते, कलू नये म्हणून अँटी-रोल बार आहे, आणि बोगीने सापासारखं वळवळू नये म्हणून यॉ डँपर. ती वळवळ चाकांच्या उतरत्या कडेमुळे येते: एकास वीस उताराच्या नव्या, ९१५ मिमीच्या चाकांची मोकळी जोडी ब्रॉडगेजवर साधारण १८ मीटरच्या लाटेत चालते. घासायचे भाग गेले, हा मला त्या बोगीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. पेरांबूरनेही २०१८ पासून जुन्या आराखड्याचे डबे बनवणं थांबवलं.

आठवी पायरी: मोजा

कागदावरचा आराम सीटवर तपासावा लागतो. आपल्याकडे लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था स्पर्लिंग यांचा राइड इंडेक्स वापरते: १ म्हणजे जेमतेम जाणवणारी हालचाल, २.५ म्हणजे ठळक पण त्रास नाही, ३.५ म्हणजे नकोशी. प्रवासी डब्याला मर्यादा ३.५, आणि ३.२५ च्या आत असणं चांगलं.

एका आंदोलनाला सूत्र असं: त्वरणाचा घन (सेंमी प्रति सेकंद वर्गात) भागिले लय, गुणिले लयीचा भारगुणक, त्याचं दहावं मूळ, गुणिले ०.८९६. उभ्या दिशेत ५.९ पर्यंत भारगुणक म्हणजे ०.३२५ गुणिले लयीचा वर्ग. आता ५० त्वरण घ्या. १.२ च्या लयीला उत्तर २.६४, ५.६ ला तेवढ्याच त्वरणाचं ३.०८. चौकटीची थरथर डब्याच्या डोलण्याहून अंगाला जास्त का लागते, ते इथे आकड्यात दिसतं.

मोबाइलमधला त्वरणमापक यासाठी प्राथमिक अंदाजाला पुरतो. तो बोगीच्या पिव्हटवर, जमिनीला घट्ट चिकटवा. मांडीवर किंवा गादीवर ठेवला तर तुम्ही गादीची स्प्रिंग मोजाल. एक नोंद पिव्हटवर, एक डब्याच्या मध्यावर. मध्यावर ८-१० ची थरथर पिव्हटहून जास्त आली तर दोष स्प्रिंगेत नाही, सांगाडा वाकतोय.

आणि चाचणीला गाडी काढण्याआधी, सपाट रुळावर रिकामा डबा उभा करून चारही कोपऱ्यांवर बोगीच्या चौकटीची आणि बफरची उंची मोजा. कोपऱ्यांत फरक आला तर आधी रंगांचे गट पाहा, मग पॅकिंग, मग डॅशपॉटची तेलपातळी. याच क्रमाने.